दोन्ही बाजूला एकच गाणं

पेपरात माझी तारीफ एकदाच छापून आली. ज्या कामाबद्दल आली ते काम म्हंजे माझी चूक होती, आन् त्या चुकीपायी हबीब मास्तरांची जिंदगीची एकुलती एक चीज खराब झाली. ती तारीफ मला वाचताबी आली न्हाई.

हे मास्तर शाळेतले न्हाईत. शाळेतल्या मास्तरांचं आन् माझं दुसरीतच फाटलं. हे बँडचे मास्तर. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागं एक बोळ हाय, तिथं ‘गुलबहार ब्रास बँड’ म्हणून पाटी होती, आन् पाटीखाली एक उंच, वाळका, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस उभा. कव्हाबी जा, उभाच. चहा उभ्यानं, तोबी अर्धाच. उरलेला समोर जो असंल त्याच्या हातात द्यायचे आन् बोळाच्या टोकापर्यंत जायचे. तिकडं काही काम नसायचं. तसेच माघारी यायचे. आम्ही तेरा जण बाकड्यावर बसून त्यांच्याकडं पाहायचो तर आमच्या माना दुखायच्या. भाभी, म्हंजे त्यांची बायको, म्हणायच्या, “इनका तो निकाह भी खडे खडे हुआ. काजी बोले बैठो मियाँ, तो ये बोले आप जल्दी पढो.”

मास्तरांचं म्हणणं असं, की सूर उभ्या माणसाला लागतो, बसलेल्याला डुलकी लागते.

वरातीत ते बँडपुढं उलटे चालायचे. तोंड आमच्याकडं, पाठ रस्त्याकडं, ओठात क्लॅरिनेट. जुन्या जालन्यातली एकेक नाली, एकेक खांब, कोणत्या दुकानाची पायरी बाहेर आलीय, सगळं त्यांच्या टाचांना पाठ होतं. मी सरळ चालायचो तरी पहिल्या साली दोन बार नालीत गेलो. एक बार तर वाजवता वाजवता गेलो. लोकांना वाटलं गाण्यातच हाय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आन् एक गाणं पुरं वाजवतील तर ते मास्तर कसले. वळण आलं की गाणं बदल. नवरदेवाचा मामा रंगात आला की बदल, मामाचा पाय वरच्या वर राहायचा. आमचा गाणारा कचरू. बाईचा आवाज तोच काढायचा आन् बुवाचाबी तोच. हातगाड्यावरच्या माईकमधून तो बाईच्या आवाजात लाजून राह्यलेला असायचा, तेवढ्यात मास्तर भांगड्यावर गेलेले. मंग बिचारा त्याच लाजऱ्या आवाजात ‘हुर्रर्र’ करायचा.

चिडले की शिव्या देत नव्हते, मान द्यायचे. एरवी ‘ए गणपत, तू’, आन् चुकलं की ‘गणपतराव, तुम्ही’. मला बँडात जेवढा मान मिळाला तेवढा आमच्या सात पिढ्यांत कोणाला मिळाला नसंल.

बँडात ज्याला काहीच येत न्हाई त्याला झांज देतात. मला पहिले सहा महिने खुळखुळा दिल्ता. झांजेवर आलो तव्हा माझ्या आईनं गल्लीत साखर वाटली. पण झांजवाल्याचं एक खास काम असतं, ते नीट सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. वरातीत गाणं बंद पडू द्यायचं नसतं. मास्तर घाम पुसतात, कोणाचा दम जातो, कोणाचं काही निसटतं, असं मधीच जे रिकामं पडतं तिथं झांजवाल्यानं हाणायचं. जोरात. म्हंजे नाचणाऱ्याला कळत न्हाई की बंद पडलं. बंद पडलं तर नाचणारे बसतात, बसले की त्यांना भूक आठवते, आन् भुकेला वऱ्हाडी पहिलं भांडण बँडवाल्याशी करतो. म्हणून मास्तरांनी मला पहिल्या दिवशी एकच धडा दिल्ता, “रिकामं दिसलं की मार. सोच मत.”

मी तसाबी सोचणाऱ्यातला नव्हतो. तो एकच धडा मला जिंदगीत पुरा आला. गोष्ट डोक्यापर्यंत जायच्या आधी माझे हात मारून मोकळे व्हायचे.

तव्हा टीव्हीवर पॉपचं खूळ आल्तं. नव्वदच्या पुढची सालं असतील. एका दुकानाच्या काचेत टीव्ही चालू होता. चार पोरं, चमड्याचे कोट घालून, भर उन्हात डोंगरावर उड्या मारून राह्यली होती. मास्तर थांबले. दुकानदाराला म्हणले, “हे कोण?”

“पॉप बँड हाय मास्तर. यांच्या एका गाण्यानं लई धूम केलीय.”

“बँड? चारच जण?”

“हाव.”

“आन् वरात कुठंय?”

“वरात नसती मास्तर. लोक नुसतं ऐकतात.”

मास्तर तिथं पाच मिनटं न हलता उभे राह्यले. त्यांच्यासाठी हे म्हंजे दुसऱ्यानं सालभर अंथरूण धरण्यासारखं. बोळात आल्यावर मला म्हणले, “गणपत, लोक नुसतं ऐकतात म्हणे.”

मास्तर तीस सालांपासून वाजवून राह्यले होते. लोक त्यांच्यापुढं नाचले, पडले, भांडले, नवरीचे बाप रडले, पण उभं राहून कोणी ऐकलं न्हाई. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं न्हाई. पण दुनियेत कुठंतरी बँड नुसता ऐकतात हे कळलं, आन् त्या माणसाचं जे थोडंफार बूड टेकत होतं तेबी टेकायचं बंद झालं. दोन दोन तास बोळात येरझारा. भाभी दारातून म्हणायच्या, “अब्बी नया रस्ता डालना पडेगा, ये घिस गया.”

पंधरा दिवसांत त्यांनी गाणं केलं. बोल त्यांचेच. ‘जल्दी चल गं, सावली सरकून राह्यली.’ दुपारचं ऊन, बांधावरनं दोघं चाललेत, लांब एकच झाड, आन् त्याची सावली सरकून राह्यली. झालं गाणं.

कचरू म्हणला, “मास्तर, मंग पोहोचतात का ते सावलीत?”

“तुला काय करायचंय? तू चल म्हण.”

खरी गंमत पुढं होती. ‘सावली सरकून राह्यली’ म्हणून झालं की सगळा बँड एकदम बंद. ढोल न्हाई, भोंगा न्हाई, कोणी श्वासबी मोठ्यानं घ्यायचा न्हाई. आठ मात्रा रिकाम्या. आन् मंग एकटं क्लॅरिनेट, हळू, जसं कोणी लांबून आपलंच नाव घेतंय.

ढोलवाला म्हणला, “मास्तर, लोकांना वाटंल लाईट गेली.”

मास्तर म्हणले, “वाजत राह्यलं की लोक नाचतात. बंद झालं की पहिल्यांदा ऐकतात. त्या आठ मात्रा लोकांचे कान धुवायला हायेत. कान धुतले की माझं क्लॅरिनेट. एक बार कोणी ते ऐकलं की बस.”

एवढंच पाह्यजे होतं त्यांना. आठ मात्रा शांतता, आन् तिच्यानंतर कोणाचा तरी कान.

तालमीत पहिल्या दिवशी बँड बंद झाला आन् माझे हात, झाँग! “गणपतराव,” मास्तर म्हणले. दुसऱ्या दिवशी झाँग. तिसऱ्या दिवशी कचरूनं माझी मनगटं धरून ठेवली, तर मी पत्र्याच्या दाराला लाथ घातली. देवाशप्पथ मला कळलंबी न्हाई. कचरू म्हणला, “मास्तर, गण्याला घरी ठेवू. हे असंच करणार.”

“नक्को,” मास्तर म्हणले. “बँड चौदा जणांचा हाय. तेरानं वाजवला तर तो दुसरा बँड झाला.”

मंग त्यांनी मला आठपर्यंत मोजायला शिकवलं. शाळेत जे जमलं न्हाई ते बोळात उभं करून घोटून घेतलं. मी झोपेत मोजायचो. बायको म्हणली, “काय मोजून राह्यले? आपल्या घरात एका जागी आठ हायेच काय?” पण आलं बुवा. रेकॉर्डिंगच्या आधल्या आठवड्यात मी एक बारबी चुकलो न्हाई.

रेकॉर्डिंगला औरंगाबादला गेलो. एक खोली, भिंतीला गाद्या ठोकलेल्या, चौदा माणसांत दोन माईक. भोंगावाल्याचं ते गळ्यात घालायचं भलंमोठं पितळी वाजंत्र आत मावलं न्हाई म्हणून त्याला दारात उभं केलं, त्याचं गाणं निम्मं जिन्यात गेलं. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज येतो. पहिल्या बारीला खाली स्कूटर सुरू झाली. दुसऱ्याला कचरू बाईच्या आवाजात खोकलला. तिसऱ्याला निम्म्यात लाईट गेली ती तास दीड तास आली न्हाई. बाहेर एक भजनी मंडळ टाळ घेऊन ताटकळून राह्यलेलं, आन् आम्हाला हसनाबादला दुपारची वरात होती; गाडीवाला खालून हॉर्न देऊन राह्यला होता. मास्तरांची एक जागी घालमेल चालू, पण त्या खोलीत चकरा मारायला जागाच न्हाई.

लाईट आली. रेकॉर्डिंगवाला म्हणला, “शेवटचं. यानंतर भजनवाल्यांचा टाईम.”

चौथी बारी. काय वाजलं सांगू! कचरू असा गायला की मला बांधावरचं ऊन लागलं. ‘सावली सरकून राह्यली.’ बंद. अशी शांतता झाली की मला माझ्या कानातलं ऐकू आलं. एक, दोन, तीन. मी मोजून राह्यलो होतो, बराबर मोजून राह्यलो होतो. पण ती शांतता एवढी चांगली होती, एवढी रिकामी होती, की माझ्या हातांना राहवलं न्हाई. झाँग!

गाद्या लावलेल्या खोलीत तो आवाज जातो कुठं? सगळा माईकात गेला.

मास्तर थांबले न्हाईत. आठ मात्रा पुऱ्या केल्या, क्लॅरिनेट उचललं, गाणं शेवटाला नेलं. मंग क्लॅरिनेट पुसलं आन् माझ्यापाशी आले. “गणपतराव, तुम्ही फार छान वाजवलंत. चला, हसनाबादला उशीर होऊन राह्यला.”

गाडीत सगळा रस्ता ते दांड्याला धरून उभे होते. मी म्हणलो, “मास्तर, मी बँड सोडतो.” ते म्हणले, “आज वरात हाय. उद्या सोडा.” दुसऱ्या दिवशीबी वरात होती. असं करत राह्यलो.

कॅसेट निघाली. वर मास्तरांचा उभा फोटो, मागं आम्ही, आन् माझा अर्धा चेहरा ढोलामागं. दुकानदारानं कॅसेट उलटीपालटी करून पाह्यली. “मास्तर, दुसऱ्या बाजूला काय हाय?”

“तेच गाणं.”

“काहून?”

“पहिल्या बाजूला कळलं न्हाई तर.”

दुसरं गाणंच नव्हतं त्यांच्याकडं. म्हंजे वरातीतली दोनशे होती. पण स्वतःचं एकच.

आता ऐकणारे कसे भेटले ते सांगतो. ऑटोवाल्यांनी कॅसेट लावली आन् त्यांना काय आवडावं? गाणं बंद पडतं, पाशिंजर दचकून पाहतो, आन् झाँग! पाशिंजर उडतो. त्यांची दिवसभर करमणूक. पानवाला म्हणला, “मास्तर, ते झाँग एक लंबर.” कापडवाले शेठ म्हणले, “झाँगपर्यंत ऐकतो बघा मी, मंग बंद करतो.” मास्तर मान हलवायचे आन् पुढं चालायला लागायचे. क्लॅरिनेटचं कोणीच बोलत नव्हतं. दुकानांमागून दुकानं पालथी घातली त्या माणसानं, वाटलं असंल कोणी तरी म्हणंल.

मंग आला रविवार. आमच्या इथल्या एका पेपरात ‘कानसेन’ नावानं एक जण गाण्याबजावण्यावर लिहायचे. खरे ते कॉलेजातले सर, नदीपल्याड नव्या जालन्यात राहायचे. त्यांना सगळं जालना भ्यायचं. मोठमोठ्या गवयांना त्यांनी एका ओळीत झोपवलेलं. त्यांनी आमच्या गाण्यावर लिहिलं म्हणून कचरू हॉटेलात पेपर घेऊन पळत आला. मास्तरांना उर्दू वाचता यायचं, मराठी न्हाई. मला दोन्ही न्हाई. कचरूनं मोठ्यानं वाचलं.

“‘या गाण्यात नवे असे काही नाही. वरातीच्या बँडची सरावलेली चाल आणि शेवटी क्लॅरिनेटचे नेहमीचे रडगाणे. मात्र मध्येच सारा वाद्यवृंद स्तब्ध होतो आणि त्या स्तब्धतेच्या छातीवर एक झांज कोसळते. तो अनामिक झांजवादक हाच या गाण्यातला एकमेव कलावंत.’”

मी कचरूला हळूच म्हणलो, “अनामिक म्हंजे?”

“ज्याचं नाव ठाऊक न्हाई तो.”

“मंग सांगून येऊ का?”

कचरूनं माझ्याकडं असं पाह्यलं की मी बशीत तोंड घातलं. मास्तर म्हणले, “पुन्हा वाच.” कचरूनं वाचलं. त्या दिवशी मास्तरांनी चहाचा पुरा कप पिला. माझ्यासमोर तेवढाच एकदा.

मला वाईट वाटलं का? वाटलं की. पण खोटं काहून बोलू, त्याच्यापेक्षा जास्त चांगलं वाटलं. मी पेपरातला तो तुकडा कापून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आन् खिशात ठेवला. सासुरवाडीला गेलो तर जेवायच्या पंगतीत काढून सगळ्यांपुढं धरला. मेहुणा शिकलेला. त्यानं नीट पाह्यलं आन् म्हणला, “दाजी, हे तर पाण्याच्या टाकीची जाहिरात हाय.” मी मागची बाजू दाखवून राह्यलो होतो. उलटी करून दिली, तर त्यानं सगळं वाचलं आन् म्हणला, “याच्यात तुमचं नाव कुठंय?” मी म्हणलो, “अनामिक म्हंजे मीच.”

चार दिवसांनी मास्तर मला म्हणले, “चल, सरांकडं जायचंय.” मला वाटलं माझा सत्कार. नवीन शर्ट घालून गेलो.

सरांनी दार उघडलं. मास्तर म्हणले, “सर, हा तो झांजवाला. गणपत.”

सरांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. “तुम्हाला ही कल्पना सुचली कशी?”

“सुचली न्हाई सर. हात चालले.”

“बघा! हेच, हेच म्हणतोय मी. विचाराच्याही अलीकडचं.”

मास्तर मधीच बोलले. “सर, ती चूक हाय. तिथं काहीच न्हाई वाजवायचं. आठ मात्रा रिकाम्या हायेत.”

“मास्तर, कलावंताला आपल्या कृतीतलं सगळंच उमगतं असं नाही.”

“मला एवढं उमगतं सर. मीच केलंय.”

सर हसले. खुर्ची दाखवली. मास्तर उभेच. त्यांनी पिशवीतून क्लॅरिनेट काढलं. “एक बार ऐका. बिगर झांजेचं. मंग जे लिहायचं ते लिहा. रडगाणं लिहायचं तर रडगाणं लिहा, पण ऐकून लिहा.”

मी खुर्चीवर माझ्या दोन्ही हातांवर बसलो. मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली. नुसतं क्लॅरिनेट, ना ढोल ना कचरू, आन् तरी त्या बैठकीत ऊन पडलं. ‘सावली सरकून राह्यली.’ बंद. एक. दोन. तीन. चार.

“वा!” सर म्हणले. “काय थांबलात! वा!”

आन् ते ‘वा’ ऐकून आतून सरांच्या बाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. “झालं का? गरम आहेत तोवर घ्या.”

क्लॅरिनेट मास्तरांच्या ओठाला लागलेलंच होतं. त्यांनी ते खाली घेतलं, पुसलं, पिशवीत ठेवलं. पुढचं वाजवलंच न्हाई. सरांनीबी विचारलं न्हाई. पोहे मास्तरांनी उभ्यानं खाल्ले, दोन घास.

पुलावरनं येताना मला वाटलं आता ‘गणपतराव’ होणार. तर मास्तर एकदम थांबले, माझं मनगट धरलं आन् म्हणले, “चारपर्यंत गेल्तो रे गणपत! चारपर्यंत!” आन् मला ओढत चालायला लागले. असे खूश, जसं कोणी निम्मा घास भरवलाय.

पण गाणं आता आमच्या हातात राह्यलं न्हाई. लग्न ठरवायला आले की लोक म्हणायचे, “ते झाँगवालं वाजवता ना?” आमच्यात एक कायदा हाय, आपली चाल दुसऱ्या बँडनं उचलली म्हंजे चाल पास. भोकरदनच्या एका बँडनं उचलली, पण दोन झांजा लावून. मास्तर बिगर निमंत्रणाचे त्या लग्नात जाऊन मांडवाबाहेर उभे राह्यले. आल्यावर म्हणले, “माझ्यापेक्षा साफ वाजवतात. तेच चुकीचं, पण साफ.” आन् बोळाच्या टोकापर्यंत जाऊन आले. मंग पुन्हा गेले.

आम्ही ते गाणं वाजवताना तेवढ्या आठ मात्रा मास्तर माझ्याकडं पाहायचे न्हाईत. सगळ्यांकडं तोंड करून उलटे चालणारा माणूस, फक्त तेवढ्या टायमाला मान वळवून रस्ता बघायचा, जसं काही खड्डा हाय. झाँग झाली की मान परत. असं सालभर. एका सीझनमधी मी ती पन्नास बार तरी मारली असंल, आन् पन्नास बार त्या माणसानं खड्डा पाह्यला. तो पेपरचा तुकडा मी कव्हा खिशातून काढून घरी ठेवला, ते माझं मलाच आठवत न्हाई.

पिंपळगाव रेणुकाईची वरात होती. ऐन उन्हाची, नवरदेव देवीच्या दर्शनाला चाललेला. मोठी पार्टी, चारशे माणूस. मी सकाळीच ठरवलं होतं, कोणाला बोललो न्हाई. आज मारायची न्हाई. काय व्हायचं ते होवो.

गाणं सुरू झालं. लोक आधीच रेटारेटी करून पुढं आले, त्यांना ठाऊक होतं काय येणार. ‘सावली सरकून राह्यली.’ बँड बंद. मास्तरांनी मान वळवली. मी दोन्ही झांजा पोटाशी दाबल्या. थंड पितळ, आन् माझे हात असे उडून राह्यले जशा पोत्यात कोंबड्या. एक. दोन.

मास्तरांची मान सावकाश माझ्याकडं आली.

तीन. नवरदेवाचा मामा ओरडला, “ए झांजवाल्या, मेला का?”

चार. आन् चारशे माणूस एका आवाजात, “झाँऽऽग!” बाया, पोरं, घोडीवरचा नवरदेव, सगळे. एवढी मोठी झाँग मी जिंदगीत वाजवली नव्हती. टोप्या उडाल्या, शिट्ट्या, हशा. त्या गलक्यात मास्तरांनी क्लॅरिनेट वाजवलं, ते मलाबी ऐकू आलं न्हाई, आन् मी दोन हातांवर होतो.

जेवायच्या टायमाला सगळे लिंबाखाली बसले. मास्तर आपली पत्रावळ घेऊन माझ्यापाशी येऊन उभे राह्यले. मी म्हणलो, “मास्तर, माफ करा. मला वाटलं...”

“गणपत,” ते म्हणले, “आज तू बराबर वाजवलं.”

“मी वाजवलंच न्हाई.”

“हौ. तेच.” आन् त्यांच्या पत्रावळीतली बुंदी माझ्यात टाकून पुढं गेले.

ही गोष्ट कानसेन सरांपर्यंत गेली. त्यांनी पुन्हा लिहिलं, श्रोत्यांचा उत्स्फूर्त सहभाग म्हणून. कचरूनं वाचायला घेतलं तर मास्तर म्हणले, “राहू दे. पोहे चांगले होते त्यांच्याकडं.”

मंग सालं गेली. स्पीकरचे मोठमोठे डबे लावलेल्या गाड्या आल्या. एक पोरगं बटन दाबतं आन् चौदा माणसांचं काम होतं. त्याच्यात रिकामी जागाच नसते, सापडत न्हाई शोधून. चौदाचे नऊ झालो, नवाचे पाच. कचरू भजनात गेला, आता फक्त बुवाचा आवाज काढतो. मी ऑटो घेतला. मास्तरांना दम्यानं धरलं. क्लॅरिनेट सुटलं, चालणं न्हाई सुटलं. त्यांची पोरगी परभणीला दिलेली, ती म्हणली अब्बा, अम्मी, दोघं इकडंच या.

स्टँडवर मीच सोडलं. भाभी आत बसल्या, मास्तर दांड्याला धरून उभे. कंडक्टर म्हणला, “चाचा, बसा, परभणीपर्यंत काय उभ्यानं जाता?” दम्यानं त्यांना बोलवेना, तर बसले. खिडकीपाशी. मी खाली.

गाडी सुटायला टाईम होता. मी म्हणलो, “पाणी आणू का?” त्यांनी मान हलवली. मंग त्यांनी दोन्ही हात खिडकीच्या गजावर ठेवले आन् बोटं चालायला लागली.

मी इतकी सालं त्या बोटांकडं पाहूनच झांज मारलीय, मला आवाज लागत न्हाई. ‘जल्दी चल गं’ तिथं डावी दोन बोटं दाबायची, मंग उजवी सरकत खाली. बराबर चालून राह्यलं होतं. स्टँडवर केवढा गलका. माईकवरची बाई, शेंगदाणेवाले, कोणाचं तरी गाठोडं टपावर चढून राह्यलेलं. ‘सावली सरकून राह्यली.’

सगळी बोटं एकदम गजावरनं वर.

मास्तर माझ्याकडं पाहून राह्यले होते. मी दोन्ही हात पँटीच्या खिशात घातले आन् मुठी आवळल्या. एक. दोन. तीन. माझ्या आजूबाजूला एवढी माणसं, पण मधी कोणी बोललं न्हाई, कारण कोणाला काही चाललंय हे ठाऊकच नव्हतं. चार. पाच. कंडक्टरनं दोरी ओढली. सहाला गाडी हलली. मी हात खिशातच ठेवून बाजूनं चालायला लागलो, चार माणसांना धडकलो, सात. आठ म्हणलो तव्हा गाडी फाटकातून वळून राह्यली होती, आन् मास्तरांची बोटं अजून वरच होती.